आईच्या उजव्या हातातला चुडा

आईच्या उजव्या हाताच्या चार बोटांचे मुळाशी असलेले सांधे तिचे स्वतःचे नाहीत. आमवातानं बोटं करंगळीकडं कलंडली, साधा पेला धरता येईना, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी झिजलेले सांधे काढून सिलिकॉनचे बसवले. ऑपरेशनला ती भ्याली नाही. रडली ती हातातला चुडा उतरवावा लागला म्हणून. नवरा धडधाकट समोर उभा आणि मनगटं मोकळी! शेवटी डाव्या हाताला हळदीचा दोरा बांधला, तेव्हा कुठं बाई आत गेल्या.

त्यानंतर त्या हाताची हवालदार मी झाले. कपडे पिळायचे नाहीत, घागर उचलायची नाही आणि काचेच्या बांगड्या तर मुळीच नाहीत, कारण भरताना कासारीण नेमकी बोटांची मुळंच आवळते. उजव्या हातात पेचाची पाटली घालून आई वर्षानुवर्षं कुरकुरली, "एका हाताची सवाशीण केली मला."

यंदा तिच्या नातीचं लग्न जळकोटला ठरलं आणि आईनं हट्टच धरला, चुडा दोन्ही हातांत भरणार. मी म्हटलं, आधी एक्स-रे. डॉक्टर तिला चांगलं झापतील, ही माझी आशा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. चारांतले दोन सांधे मधोमध मोडलेले होते, आणि तेही आजकालचे नव्हेत.

"दुखून तर नाही राहिलं काही," आई म्हणाली.

डॉक्टरांनी तिला मूठ वळायला लावली, पेला धरायला लावला. सगळं जमलं. मग म्हणाले, "वर्षं सरली की यातले बरेच मोडतात. पण तोवर शरीरानं त्यांच्याभोवती स्वतःचं आवरण विणलेलं असतं. आता बोटं त्याच्यावर चालतात. थोडी पुन्हा कलंडतील, पण काम होतंय, दुखत नाही, तर कशाला कापायचं? बांगड्या भरा, साबण लावून, जपून."

माझ्या अंगावर काटा आला. ज्या शरीरानं आमवातात स्वतःचेच सांधे खाल्ले, त्यानंच या परक्या तुकड्यांना कवेत घेतलं होतं. कुणी सांगितलं नाही, कुणाला कळलंही नाही. आणि मी इतकी वर्षं कशाची राखण करत होते, देव जाणे. असं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

लग्नाआधी कासारीण घरी आली. आईच्या हाताला साबणाचा फेस लावून तिनं बोटांची मुळं हळूच आवळली. एकेक हिरवी बांगडी सरकत मनगटावर गेली. दुखतंय का म्हणून मी आईचा चेहरा बघत होते. तो नुसता फुलला होता.

कासारीण थांबली आणि, बास का, अशा नजरेनं माझ्याकडं बघू लागली.

"तिच्याकडं काय बघून राहिली?" आई खेकसली. "हात माझा हाय. भर अजून दोन."