आमच्या द्राक्षबागेत काय काय विरघळलं

चार द्राक्षवाले बांधावर टेकले की किश्शांना तोटा नसतो, आणि आमच्या बागेतले निम्मे किस्से न विरघळणाऱ्या वस्तूंचेच! मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., ऐंशीच्या सुमाराला विंचूरजवळ सून म्हणून आले. सासरे अण्णा माळकरी आणि हट्टी. बाईमाणसानं औषधाच्या ड्रमजवळ फिरकायचं नाही, हा त्यांचा दंडक. मला तर तिथंच जायचं होतं, नाहीतर माझं सगळं शिक्षण चुलीत गेलं असतं.

* * *

पहिली फवारणी बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुना मिसळून करतात त्या बुरशीच्या औषधाची. धाकटे दीर दत्तूभावजी मोरचुदाचे निळे खडे ड्रमच्या तळाशी टाकून सकाळपासून काठीनं ढवळत होते. मी लांबूनच सांगितलं, फडक्यात बांधा आणि पाण्यात वरच्या वर टांगा. मोरचूद विरघळलेलं जड पाणी खाली बसतं, खड्यांना कोरं पाणी मिळत राहतं. चहा होईपर्यंत फडकं रिकामं! अण्णा ते उलटसुलट करून बघत राहिले.

* * *

मग युरिया. तो विरघळताना पाणी गारठतं, म्हणून गड्यांनी ताकाची बरणी त्या ड्रमातच ठेवलेली. फ्रिज होता कुणाकडे! पण गार पाण्यात उरलेला युरिया विरघळेना. मी ड्रम उन्हात सरकवायला लावला. युरिया विरघळला, ताक तापलं, गडी माझ्यावर रुसले.

* * *

दत्तूभावजींनी यातून धडा घेतला आणि चुन्याचं पाणी थेट चुलीवर चढवलं! चुना गरम पाण्यात उलट कमीच विरघळतो, हे ऐकून अण्णा पहिल्यांदा हसले. "म्हणजे चुना आपल्या दत्तूसारखाच हाय. उलट्या खोपडीचा." त्या दिवसापासून मला ड्रमजवळ जायची मुभा मिळाली.

* * *

खरी परीक्षा जीएची. मणी फुगवायची ती पांढरी पावडर आमच्याकडे नवीन होती. घड तिच्या पाण्यात बुडवायची वेळ टळली की वर्ष वाया. मजूर येऊन बसले, आणि चिमूटभर टाकून पाहिली तर पावडर नुसती पाण्यावर तरंगायला लागली. अण्णांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, ही आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. गावात स्पिरिट कुठलं? शेवटी मी चाचरत बोलले, "अण्णा, पहिल्या धारेची दारू चालेल."

अण्णांनी टोपी सारखी केली आणि ते भरदिवसा स्वतः भट्टीवर गेले. पुढचं मागोमाग गेलेल्या दत्तूभावजींनी सांगितलं. भट्टीवाला हात जोडून उभाच राहिला. अण्णा चारचौघांत ठणकावून म्हणाले, "एक बाटली दे. आमच्या सूनबाईला लागते."

पावडर चुटकीसरशी विरघळली. त्या साली मणी असे टपोरे झाले की व्यापारी आपल्या पायानं बांधावर आला. मला आकाश ठेंगणं झालं!

पुढच्या वर्षी घड बुडवायच्या दिवशी गावातले झाडून सगळे माळकरी भट्टीवर रांगेत उभे होते, आणि प्रत्येक जण आपापल्या सुनेचं नाव सांगत होता.