घंगाळाची दुसरी कडी

सखाराम गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी पुस्तकांच्या कपाटासमोर उभा होतो. "दादा सकाळी गोठ्यातच खाली बसले, काका... मग उठलेच न्हाईत." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. लॅटिनच्या शब्दकोशातून एक चिठ्ठी डोकावत होती, तिच्याकडेच मी बघत राहिलो. ती सखारामसाठी लिहिलेली होती आणि वर्षभर तिथेच पडून होती.

आम्ही जुन्नरच्या शाळेत एका बाकावरचे. पुढे मी पुण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो, तो बोरी बुद्रुकला शेतीत. त्याचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. सखारामने मेंढरं सोडून कांदा धरला, पण कुठलीही वस्तू हातात तोलून बघायची सवय काही गेली नाही. मागच्या वर्षी वावरात ट्रॅक्टरने रोटर मारताना त्याला भाजक्या मातीचा एक जाडजूड तुकडा सापडला... कपाला असतो तसा कान, पण मूठभर जाड. मी गेलो तेव्हा त्याने तो धुऊन माझ्यापुढे ठेवला. नाणेघाट चढून रोमचा माल जुन्नरात यायचा, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. तेव्हा मी ऐटीत सांगून टाकलं, "अँफोराचा असेल. रोमन लोकांच्या घरातला तेलाचा, दारूचा घडा."

"नावाचा अर्थ काय पण?"

"घडा म्हटलं ना."

"त्यो काय व्हता त्ये झालं, राव. नावाचा अर्थ इचारतोय मी. भांड्याला कुणी उगाच नाव ठेवत न्हाई."

पाहून सांगतो म्हणालो. आठ दिवसांत सापडलंही. रोमनांनी तो शब्द ग्रीकांकडून उचललेला. 'अँफी' म्हणजे दोन्ही बाजूंनी. उरलेला भाग वाहून नेण्याचा, आपल्या 'भार'च्या गोतावळ्यातला. दोन्ही बाजूंनी धरून न्यायचं भांडं! पुढे त्याच नावाचं मापही झालं, आपली पायली जशी भांडंही आणि मापही. सगळं चिठ्ठीवर उतरवलं आणि ठरवलं, फोनवर नको, समोर बसून सांगू. त्याचा चेहरा बघायचा होता मला. खरं सांगायचं तर मिरवायचं होतं.

त्याचे फोन येत राहिले. "घावला का अर्थ?" मी म्हणायचो, "शोधतोय." धडधडीत खोटं. एकदा तो म्हणाला, "मी त्या वावरात दुसरा कान हुडकतोय. येवढं वजन एका कानावर कोण उचलंल? दोन असणारच." अर्थ त्याने हातानेच काढला होता, माझ्याकडून फक्त 'हो' हवं होतं. तरी मी म्हणालो, "आलो की बोलू." मग माझा गुडघा, मग नातीची परीक्षा... जाणं राहिलंच. आता त्या 'आलो की'चा मला मनस्वी राग येतो.

दहाव्याला गेलो, पण गर्दीत चिठ्ठी खिशातच राहिली. परवा पुन्हा गेलो, मुक्कामाला. सकाळी हौसावहिनींनी, म्हणजे सखारामच्या बायकोने, चुलीवर पाणी तापवलं. छपरावर सोलर आहे, तरी पाहुण्याची आंघोळ तांब्याच्या घंगाळातच, हा त्या घरचा नेम. चुलीपाशी घंगाळ भरायचं, एक कडी सखारामने धरायची, दुसरी वहिनींनी, आणि न्हाणीपर्यंत भांडत भांडत न्यायचं. पाणी मात्र सांडायचं नाही. आता वहिनींनी ते अर्धंच भरलं.

"निम्मंच?" मी विचारलं.

"भरल्यालं एकलीला उचलत न्हाई."

"भरा," म्हणालो आणि दुसरी कडी धरली. चालता चालता त्यांना त्या नावाचा अर्थ सांगितला. त्या मध्येच थांबल्या. आम्ही घंगाळ खाली टेकवलं.

"म्हंजी त्येंचं बरूबर व्हतं?"

"अगदी बरोबर."

"तुमाला कवा कळलं?"

आता तरी खोटं बोलवेना. "वर्ष झालं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कोनाड्यातल्या त्या मातीच्या कानाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "आदल्या सांजंला बी वावरात हुडकीत व्हते, भाऊ. फोनवर सांगितलं असतं तर निवांत बसले असते की."

मग आपल्या बाजूची कडी धरून त्या वाकल्या, आणि मी माझी धरेपर्यंत तशाच थांबल्या.