देवापुढचा पाना

देव आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. पण आपल्या अडीअडचणीला तो धावून येतो, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. लढाईच्या दिवसांत माझी जुनी मोटार कुंभकोणमात भाड्यानं धावत असे, म्हणजे तिची लहर असेल तेव्हा धावत असे. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या संध्याकाळी मी तिचे इंजिनात ठिणगी पाडणारे, काजळलेले प्लग काढले आणि नवे आणायला गेलो. सुट्या भागांचा दुष्काळच होता. दुकानदारानं लांब आट्यांचे आणि आखूड आट्यांचे असे दोन संच हातावर ठेवले. "दोन्ही आत बसतील. जुन्याशी ताडून पाहा आणि नको तो परत द्या," म्हणाला. घरी येतो तो आईनं माझी सगळी हत्यारं, अगदी ते जुने प्लगसुद्धा, धुऊन पुसून विठोबापुढे मांडलेली! पूजेत मांडलेलं हत्यार आमच्याकडे विजयादशमीची पूजा होईपर्यंत हलवत नाहीत. म्हटलं, राहू दे, घाई कुणाला आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिरुप्पनंदाळ गावाहून माझ्या धाकट्या बहिणीचा दीर सायकल दामटत आला. ती अडली होती. मूल आडवं आहे, ताबडतोब कुंभकोणमच्या इस्पितळात न्या, असं सुईणीनं सांगितलं होतं. सणामुळे दुसरी मोटार मिळेना. लांब प्लग चकचकीत, भक्कम दिसत होते. जुन्याशी न ताडताच तेच घालायचं मी ठरवलं. पण बसवायला पाना हवा, आणि पाना देवापुढे. मी उंबऱ्यातच थिजलो.

"उभा काय राहिलास? काढ तो पाना," आई म्हणाली. "लेकरूं तिकडे तळमळतें. देवास मी सांगतें."

मी पाना उचलला. त्यावर वाहिलेल्या फुलांच्या सरात गुंतून एक जुना प्लगही वर आला. सोडवताना तो हातातल्या नव्या प्लगशेजारी आला. नव्याचे आटे चांगले अर्ध्या बोटानं लांब होते. हँडल मारताच पिस्टन त्यावर आदळला असता आणि मोटार दारातच बसली असती. मी आखूड संच बसवला.

तिरुप्पनंदाळहून येताना बहीण मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. ती कण्हायची थांबली की मी मागे वळून पाही. इंजिनानं जरा आचका दिला की तोंडून आपोआप "विठ्ठला!" निघे. इस्पितळाच्या पायरीवर आई आणि मी एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. दिवेलागणीला दाई बाहेर आली. मुलगी झाली होती, आणि बाळंतीण शुद्धीवर होती.

फुलांचा सर गुंतला, त्यात काय मोठंसं, असं कुणी म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही. मला एवढंच कळलं की निवड माझ्या हातात आहे असं मी समजत होतो, आणि ती तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी मोडलेल्या पूजेची क्षमा मागावी म्हणून विठोबापुढे हात जोडले, तर एकही शब्द आठवेना. "ती जिवंत आहे, ती जिवंत आहे," एवढंच त्याला पुन्हापुन्हा सांगत राहिलो.