अक्का आणि नावाड्याची पोरगी

आमच्या अक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्या मला बघायला बार्शीला आल्या होत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. बाकीचे पाहुणे शिक्षण, नोकरी, स्वयंपाक असं एकेक विचारत होते आणि अक्का माझ्या पावलांकडे बघत बसल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर आईने भीतभीत म्हटलं, तुम्हालाही काही विचारायचं असेल तर विचारा. त्या भावाकडे वळून म्हणाल्या, "विचारायचं काय? ही पळंल." मुलगी पळून जाईल, असं मुलाच्या बहिणीने तोंडावर सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मग शिवानंदने, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याने, घाईघाईने खुलासा केला की अक्का खेळाच्या बाई आहेत आणि त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नाही.

वळसंगच्या बाजूला एका हायस्कुलात त्या शिकवायच्या. खो-खो हा त्यांचा जीव. त्यांनी लग्न केलं नाही. आईवडिलांच्या माघारी वळसंगच्या घरात एकट्या राहिल्या. घरात कानडी, शाळेत मराठी, त्यामुळे बोलण्यात दोन्हींची सरमिसळ. मला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. एखादा विषय त्यांच्या दृष्टीने संपला की 'साकु' म्हणायच्या. पुरे. लग्नाचा विषय कुणी काढला की पहिल्या वाक्यालाच साकु व्हायचं.

त्यांच्या शाळेचा संघ जिंकला की त्या पोरींना तिथूनच घरी सोडायच्या. हरला की मात्र सगळ्यांना आपल्या घरी न्यायच्या. भाकरी, झुणका, शेंगाची चटणी, ताक. पोरी रडत रडत जेवायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत मी तिथे होते, तेव्हा परातीत पीठ मळता मळता मी विचारलं होतं, की हरल्यावर कौतुक कशाला? त्या म्हणाल्या, "हरलेल्या पोरीला उपाशी घरी धाडायची न्हाय. घरी गेल्यावर बोलणीच खायची असत्यात तिला."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सकाळी कवायतीच्या वेळी त्यांच्या बोटांतून शिट्टी निसटली. उचलायला वाकल्या आणि तिथेच पडल्या. पाय मुरगळला असेल, असं सगळ्यांना वाटलं. मग चमचा पडायला लागला, साडीची निरी धरता येईना. सोलापुरातल्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं आणि पुण्याच्यांनी सांगितलं की हा नसांचा आजार आहे. हात, पाय, मग बोलणं, मग गिळणं. औषध नाही. परत येताना अक्का गाडीत खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. टेंभुर्णीला चहा प्यायला थांबलो तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की आधी काय जाणार, हात की पाय? शिवानंद चहाचे पैसे द्यायला उठला. हात, मी सांगितलं.

वळसंगचं घर बंद करून आम्ही त्यांना सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. शिवानंद टॉवेलच्या कारखान्यात आणि मी एका शाळेच्या ऑफिसात. आमची गौरी नुकतीच इंजिनिअरिंगला पुण्याला गेली होती, तिची खोली अक्कांना दिली. बोटांना व्यायाम हवा म्हणून फिजिओथेरपीच्या मुलीने एक मऊ चेंडू दिला. अक्का तो दाबायच्या नाहीत. नुसता दाबायचा तर कशाला, समोर कोण आहे, असं तिलाच विचारायच्या. फोनवर हे ऐकून गौरी म्हणाली, आई, माझं गेमचं मशीन तिथेच आहे, आत्याला लावून दे. बटणं दाबली तरी व्यायामच होईल. गौरी सोडून कुणालाच त्यात काही राम वाटला नाही. मी आपलं करायचं म्हणून ते टीव्हीला जोडलं.

त्या गेममध्ये डोंगरातल्या एका गावची मुलगी असते. तिच्या गावात चेंडूचा एक खेळ असतो, थोडा हँडबॉलसारखा, थोडा लगोरीसारखा. तिला संघ जमवायचा असतो, म्हणून ती गावोगाव चालत जाते. प्रत्येक गावात एखादी चांगली खेळणारी मुलगी भेटते, पण ती लगेच येत नाही. कुणाची आई आजारी असते, तिच्यासाठी औषधाचा पाला शोधून आणावा लागतो. कुणी भित्री असते, तिच्यासोबत रोज पहाटे पळावं लागतं. हे सगळं केलं की मग त्या गावाशी सामना. लिहिलेलं सगळं इंग्रजीत. मी ऑफिसातून आले की अक्कांशेजारी बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. अक्का ते स्वतःच्या भाषेत एकदा म्हणून बघायच्या, मग बटण दाबायच्या.

पहिला सामना त्या हरल्या. मला वाटलं, आता हे संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार. पण गेम थांबला नाही. हरलेल्या मुली तोंड पाडून रस्त्याने निघाल्या आणि त्या गावातल्या एका बाईने त्यांना घरात बोलावून जेवायला वाढलं. अक्का टीव्हीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे ज्यानं केलंय, त्यानं पोरी सांभाळल्यात."

त्या दिवसापासून चेंडू कपाटात गेला आणि संध्याकाळ गेमची झाली. साध्या क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा गेम असता तर अक्कांनी तो दोन दिवसांत सोडला असता, कारण मैदान त्यांनी खरं पाहिलेलं होतं. हा त्यांना का आवडला ते त्यांनी एकदा शिवानंदला समजावून सांगितलं. तो चिडवत होता, की अक्का, या वयात व्हिडिओ गेम? अक्का म्हणाल्या, "सामना लोक बघत्यात. पोरगी सामन्यापत्तोर कशी आली ते कोण बघतंय? निम्मं काम तिच्या घरी असतंय की. ह्यात ते दाखवलंय."

त्या गेममध्ये प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिचा दम, वेग आणि पकड दाखवणाऱ्या पट्ट्या होत्या. सराव केला की पट्टी वाढायची. दमलेल्या मुलीला धर्मशाळेत झोपवलं की सकाळी पट्टी पुन्हा भरलेली असायची. अक्कांना ती सकाळ फार आवडायची. इकडे मात्र दर तपासणीला डॉक्टर त्यांच्या हातात एक यंत्र देऊन दाबायला सांगायचे आणि काटा आधीपेक्षा खाली थांबायचा. तशी एक तपासणी करून आल्यावर त्यांनी गेम लावायला सांगितला, सगळ्या मुलींना झोपवलं, उठवलं, आणि म्हणाल्या, "एका झोपंत बरं हुतंय. सोय चांगली हाय." मी उठून स्वयंपाकघरात गेले.

मग नदीकाठचं गाव आलं. तिथल्या नावाड्याची पोरगी सगळ्यांत चपळ होती, पण तिचा बाप तिला सोडत नव्हता. त्याच्या दारात गेलं की काय बोलायचं, याचे तीन पर्याय टीव्हीवर यायचे. अक्का एक निवडायच्या, तो दार लावून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी परत जाता यायचं. अक्का परत जायच्या. कधी त्याच्या फुटलेल्या नावेला फळी आणून दिली, कधी नुसतं शेजारी बसून जाळं विणलं. बाकीचा गेम तसाच सोडून त्या कितीतरी संध्याकाळी त्या एका दारात जात राहिल्या. शेवटी एके दिवशी नावाड्याने दार उघडं ठेवलं आणि पोरगी पिशवी घेऊन बाहेर आली. मी टाळ्या वाजवल्या. अक्कांकडे बघितलं तर त्या रडत होत्या.

तेव्हा मला मालन कळली. मालन ही त्यांच्या हातून गेलेली सगळ्यांत चांगली खेळाडू. राज्याच्या संघासाठी तिची निवड झाली होती. बापाने शिबिराला पाठवायला नकार दिला. अक्का त्याच्या घरी गेल्या, तर तो म्हणाला, बाई, तुम्हाला लेकरू नाही, तुम्हाला काय कळणार. अक्का काही न बोलता परत आल्या. त्याच उन्हाळ्यात मालनचं लग्न झालं आणि ती माळशिरसकडे नांदायला गेली. "मी एकदाच गेले, तंगी," अक्का म्हणाल्या. "त्या शब्दाचा मला राग आला, आणि मी माझा राग सांभाळत बसले. हितं बघ, परत परत जाता येतंय. तितं पण येत हुतं."

जुन्या विद्यार्थिनींना विचारून शिवानंदने मालनचा पत्ता काढला. अक्कांना अजून काठी घेऊन चार पावलं चालता येत होतं. उसाचे ट्रॅक्टर चुकवत आम्ही माळशिरसच्या पुढे एका वस्तीवर पोचलो. मालन अंगणात धुणं वाळत घालत होती. तिने बाईंना ओळखलं, पाया पडली, चहा केला. चहा संपला तेव्हा अक्कांनी सांगितलं, की तुझ्या बापाकडे मी पुन्हा यायला हवं होतं. मला वाटलं, मालन म्हणेल, जाऊ द्या बाई, नशीब. ती तसं म्हणाली नाही. कप उचलता उचलता म्हणाली, "व्हय बाई. यायला पायजे हुतं. मी लई दिवस दाराकडं बगत हुते."

अक्कांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. खरं तेच ऐकायला गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

त्यानंतर हात झपाट्याने गेले. गेमचा रिमोट त्यांच्या मांडीवरून घसरायचा. मग बटणं मी दाबायची आणि त्या सांगायच्या: डावीकडं जा, आधी म्हातारीशी बोल, ही दमलीय, हिला बसव. माझ्या बोटांना सवय नाही. आम्ही गावामागून गावं हरत गेलो. अक्कांनी मला कधी बोल लावला नाही. पुढे जीभ जड झाली. शिवानंदलासुद्धा त्यांचं बोलणं कळेनासं झालं. रोज शेजारी बसून बसून मला तेवढं कळायचं. त्या गेमचं शेवटचं गाव आम्ही पाहिलं नाही.

अशात मालनचा फोन आला. तिची मुलगी प्रतीक्षा खो-खो खेळते, जिल्ह्याच्या संघात तिचं नाव आलंय, आणि तिचे वडील तिला पाठवायला तयार नाहीत. मालनने काही मागितलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. मी अक्कांना सांगितलं. त्यांनी ओठ हलवले. मला ऐकू आलं ते खरं वाटेना, म्हणून मी पुन्हा विचारलं. त्या म्हणत होत्या, चला.

शिवानंदने त्यांना उचलून गाडीत बसवलं, उशा लावल्या. मालनचे यजमान साधे, मान देणारे गृहस्थ. अशा अवस्थेतली बाई आपल्या दारात आलेली बघून ते गोंधळून गेले. अक्का एकेक शब्द काढत होत्या, मी तो मोठ्याने सांगत होते. पोरीसोबत मी माझी माणसं देते. पोरगी कुठे उतरेल, काय खाईल, ते मी बघते. तुमची भीती खोटी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाले, "बगू, बाई." प्रतीक्षा दाराआड उभी होती, तिची वेणी तेवढी दिसत होती. गाडीत बसल्यावर अक्का मला म्हणाल्या, "बगू म्हंजे न्हाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "परत येऊ."

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. गिळणं बंद झालं होतं, मग श्वासही दमला. वळसंगला आमच्या शेतात त्यांना माती दिली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या किती बायका आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन, कुणी नातवंडं घेऊन. मालन आली नाही. मला वाईट वाटलं, आणि तिला यावंसं वाटलं नसेल तर त्याचंही कारण होतं, हे मला माहीत होतं.

पाच-सहा दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात मालनचे यजमान, एकटेच. मालनला ताप होता, म्हणाले. टोपी काढून ते खुर्चीच्या कडेवर बसले. पाणीही घेईनात. मग म्हणाले, "बाई परत येणार म्हनल्या हुत्या. काय सांगायचं ते मी ठरवून ठिवलं हुतं."

शिवानंदने विचारलं, काय ठरवलं होतं?

"न्हायच म्हननार हुतो," ते म्हणाले. "पर बाई समोर बसल्या असत्या, तर म्हनवलं असतं का, ते सांगता येत न्हाय." टोपी त्यांनी बोटांनी फिरवली. "आता काय. आता इचारनारं कोन न्हाय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुढे आले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, मी विचारते.

त्या दिवशी ते नाहीच म्हणाले. उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हाही नाही म्हणाले. त्या वर्षीचा जिल्ह्याचा संघ प्रतीक्षाशिवाय खेळायला गेला. पोरीसाठी स्थळं बघायला सुरुवात झालीय, असं मालनने परवा फोनवर सांगितलं. मग हळूच विचारलं, "वहिनी, येनार न्हवं परत?"

रविवारी येतो, मी म्हटलं.