विमा नसलेली जीप

पुण्यात मी दुसऱ्याची गाडी चालवतो, पण किल्ली फिरवण्याआधी विम्याची तारीख रोज मोबाइलवर बघतो. काल बघितलेली असली तरी बघतो.

आमच्याकडं ताडकळसच्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात आणि गाड्या त्यावर येऊ नयेत म्हणून कडेनं दगड मांडतात. माल घरी जातो, दगड डांबरावरच राहतात. असाच एक दगड चुकवायला वडिलांनी मोटारसायकल वळवली आणि समोरून आलेल्या जीपखाली त्यांचा पाय गेला.

जीपवाला आमच्याच गावचा. वडील दवाखान्यातून घरी आले तसा तो येऊन बाजेवर बसला.

"काका, जीपला विमा न्हाई. दसऱ्याला पूजा करतो, नारळ फोडतो, आजवर कधी काय झालं न्हवतं. केस करून तुमाला काय भेटणार हाय? त्यापेक्षा पोराला जीपवर घेतो. गाडी शिकवतो."

वडिलांनी हात जोडले. "लय उपकार झाले," म्हणाले. माझी नववी तिथंच सुटली. उपकार मीही मानतो, कारण त्याच्याच हाताखाली शिकलो म्हणून आज पोट भरतंय.

पहिल्याच दिवशी बाजाराची माणसं कोंबून आम्ही अपघाताच्या जागी आलो. दगड तसेच पडले होते.

"नीट बघून ठिव," तो मला म्हणाला. "तुझ्या बापाला दिसले न्हाईत."

सगळी जीप हसली. मीही हसलो. घरात कमावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.