शेषरावांची सूर्यचूल

शेषराव विमा कंपनीतून निवृत्त झाले, साहेबी काही निवृत्त झाली नाही. बदलीवर जयपूरला आलेला माणूस मालवीय नगरात घर करून राहिला. तपासायला फायली उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी सूर्यचूल आणली.

वर काच, आत काळे डबे. गच्चीत ठेवायची, अर्ध्या तासाने तोंड सूर्याकडे फिरवायचं आणि एरवी तिच्या वाटेला जायचं नाही. पण शेषराव दर दहा मिनिटांनी झाकण उचलून बघणार, "डाळीची प्रगती समाधानकारक!" आतली ऊब भुर्रकन बाहेर. महिनाभर त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी कच्चट वरण गिळलं आणि दोष लागला उन्हाला. जयपूरच्या, तेही मे महिन्यातल्या उन्हाला, बरं का!

त्यात लातूरहून व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच आले. शेषरावांनी जाहीर केलं, "रविवारी घरात गॅस पेटणार नाही." सिलेंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला, किल्ली खिशात.

"अहो, लेकीच्या सासरची माणसं. डाळ कच्ची राहिली तर कीर्तीला जन्मभर ऐकावं लागेल."

"मी स्वतः लक्ष देतोय ना!"

"तेच म्हणते मी."

रविवारी पाहुणे आमेरचा किल्ला बघायला गेले, एकला जेवायला परतणार. नऊला डबे चढले. साडेनवापर्यंत झाकण तीनदा उघडलं. सुनंदाबाई पदराला हात पुसत गच्चीत आल्या.

"अहो, व्याह्यांना इथली खव्याची गोड मावा कचोरी आणा."

"कोपऱ्यावर मिळते की."

"साहेबांच्या घरी कोपऱ्यावरची? लांब पडलं तरी सी-स्कीममधल्या बड्या दुकानातून आणा. समोर उभं राहून ताजी तळून घ्या."

साहेब फुलले. मग घुटमळले. "पण इथे कोण बघेल?"

"कुणीसुद्धा नाही," सुनंदाबाई अगदी खरं बोलल्या.

ते गेल्यावर त्या जिन्याच्या सावलीत मेथी निवडत बसल्या. अर्ध्या तासाने उठायच्या, चूल फिरवायच्या, परत मेथी. झाकणाला बोट लावलं नाही. एकला काच उघडली तर वाफेने चष्मा धुरकटला. डाळ लोण्यासारखी, भात मोकळा, बटाटे बोटाने फुटणारे.

व्याही रंगनाथरावांनी वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"गुपित एकच," शेषराव कचोरी मोडत म्हणाले, "सतत तपासणी!"

विहीणबाईंनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. सुनंदाबाईंनी त्यांच्या भातावर आणखी एक चमचा तूप सोडलं.

आता रोज नऊला डबे गच्चीत जातात आणि सव्वानऊला शेषराव कुठेतरी जातात. आज वीजबिलाची चौकशी, उद्या आमेरहून ताजी भाजी. रात्री डाळ निवडतानाच सुनंदाबाई दुसऱ्या दिवशीचं काम शोधून ठेवतात.