सिंहस्थातली लुगडी

आमच्या पेठेत शहाण्यांचा तोटा नव्हता. सोलापुरात कुठला माल चढणार, कुठला पडणार, हे चार बडे कापडवाले पानाला चुना लावता लावता सांगत आणि आम्ही छोटे दुकानदार माना डोलवत असू. त्यांचं म्हणणं खोडायला अक्कल लागते, आणि माझ्याकडे तेव्हा नुसतं दुकान होतं.

त्या मंदीच्या दिवसांत सिंहस्थ लागला. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत गेला की वर्षभर मुहूर्त नाहीत, लग्नं नाहीत. लग्नंच नाहीत तर लुगडी कोण घेणार? पेठेनं एकमतानं माल घेणं बंद केलं.

त्याच आठवड्यात आमचा विणकर गठ्ठा खांद्यावर टाकून आला. घरी तेलुगू बोलणारा, मराठी मोजकंच. बाकी दुकानांनी त्याला परतवून लावलं होतं. "सावकार, तुमी पण नको म्हटलं तर माग विकतो. गिरणीत जातो," म्हणाला. तो माग त्याच्या बापानं स्वतः खड्डा खणून बसवलेला. मी म्हणालो, "चार दिवसांनी बघू." नाही म्हणायची हिंमत नसली की मी असाच बोलतो.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडची एक मेंढपाळ म्हातारी नातीसाठी लुगडं बघायला आली. मी हसून म्हणालो, "आजी, सिंहस्थात लग्न?"

"आमच्या पोरी शिंव्हस्त बघून वाढत न्हाईत," ती म्हणाली. "सुगी झाली की लगीन. देवाला भंडारा उधळला, झालं की! शिंव्हस्त तुमच्या पेठंचा."

मला लाजच वाटली. बड्यांच्या भिंतीला पंचांग टांगलेलं. त्यांना वाटलं, अख्खा जिल्हा त्यातच राहतो. पुढचे चार दिवस मी गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी घरातलं लग्न विचारू लागलो. माळशिरसचे, वळसंगचे, बहुतेक सगळे म्हणत, ज्वारी निघाली की उरकायचं. मग मी विणकराच्या घरी गेलो, गठ्ठा उचलला आणि म्हणालो, "सुगीपर्यंत विणशील तेवढी सगळी माझी."

पेठ हसली. "नाशकाला नेऊन गोदावरीत सोडणार का?" एकानं विचारलं. दिवाळी झाली तरी फळीवरचा ढीग वाढतच होता, आणि मी रोज रात्री लुगडी मोजत बसे.

मग ज्वारी निघाली आणि बैलगाड्या आल्या. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. हसणारे माझ्याकडेच लुगडी मागू लागले. मी दिली, चार पैसे जास्त घेऊन दिली, खोटं कशाला बोलू! विणकरालाही भाव वाढवून दिला आणि रोज निरोप धाडला, झालं की आण, झालं की आण. त्या एका हंगामानं माझा संसार उभा राहिला. त्या म्हातारीचं गाव मी विचारलंसुद्धा नव्हतं. तिला अजून मनोमन हात जोडतो.

सुगीच्या शेवटी विणकराच्या मुलीचं लग्न झालं, तेही सिंहस्थातच. मी अक्षता टाकायला गेलो. नवरीच्या अंगावर गिरणीचं लुगडं होतं. मी त्याला बाजूला घेऊन रागावलो, "अरे, घरात माग, आणि पोरीला हे?"

"सावकार, तुमी म्हटलं सगळी तुमची," तो म्हणाला. "तुमचं दुकानात गिऱ्हाईक उभं. मी घरात एक कसं ठेवू?"

मी त्याचे हात हातात घेतले. माग मी वाचवला असं मी पेठभर सांगत होतो. माझं दुकान कुणी वाचवलं, हे मला त्या मांडवात कळलं. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पेठेतलं सगळ्यात भारी लुगडं मी त्याच्या घरी पाठवलं. पोरीनं ते सणासुदीला हौसेनं नेसलं. लग्नातलं मात्र गिरणीचंच राहिलं.